ज्याला वारस नाही, त्याची समाधी कुणी राखायची? सांगली जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातले आजी-माजी आमदार-खासदार, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे सदस्य, नेत्यांच्या समाधिस्थळांचे विश्वस्त आणि गावोगावचे सरपंच यांस,

स.न.वि.वि.

कृष्णाकाठच्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात स्मशानभूमीचं सुशोभीकरण झालं. पत्र्याची नवी शेड, पेव्हर ब्लॉक, बसायला सिमेंटचे बाक, दारात कमान. कमानीवर 'यांच्या प्रयत्नांतून' म्हणून चार नावं आणि दोन फोटो. कामाबद्दल माझी तक्रार नाही. भर पावसात चितेवर ताडपत्री धरून उभी राहिलेली माणसं ज्यांनी बघितलीत, त्यांना शेड का हवी हे सांगावं लागत नाही. पण ब्लॉक बसवताना घाटाच्या वरच्या अंगाला असलेला एक जुना दगडी चौथरा आड आला आणि ठेकेदाराच्या माणसांनी तो जेसीबीने उपसून टाकला. चौथऱ्याला काळ्या दगडाची पाटी होती. त्यावर नाव, जन्म, मृत्यू आणि खाली एकच ओळ: 'प्रतिसरकारातील कार्यकर्ते व सदस्य, जिल्हा परिषद.'

प्रतिसरकार म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत इंग्रजांना न जुमानता इथल्या गावांनी चालवलेलं सरकार. ती पाटी माझ्या आजोबांची. आईच्या वडिलांची. त्यांना सावडल्यावर तिथेच चौथरा बांधला होता, दगड गावानेच दिला होता.

पंचायतीत विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "वारसाचा अर्ज नव्हता, कुणाची हरकत आली नाही." मी म्हटलं, वारस मी आहे. त्यावर, "तुम्ही लेकीकडच्या. शिवाय राहता दुसऱ्या गावात." माझा एकुलता मामा निपुत्रिक गेला, त्यामुळे त्या घराचं नाव चालवणारं गावात कुणी उरलेलं नाही, हे खरंच आहे. म्हणजे ज्याला मुलाकडचा नातू नाही, त्याचा चौथरा ठेकेदाराच्या मर्जीवर. पाटी आता पाण्याच्या टाकीखाली उपडी पडलीय. चार माणसांनी धरल्याशिवाय उचलत नाही, नाहीतर मीच घेऊन आले असते.

गावाचं नाव इथे देत नाही, आजोबांचंही नाही. सरपंच तरुण आहे, मनाने वाईट नाही, त्याला हा माणूस कोण हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. शिवाय नाव दिलं की आपण सगळे त्या एका पंचायतीला झोडपाल आणि आपापल्या तालुक्यात मोकळे व्हाल. मला ते नको आहे. हे पत्र आपणां सर्वांना आहे, कारण जे त्या गावात झालं ते आपल्या जिल्ह्यात कुठेही होऊ शकतं, आणि ते होऊ नये अशी एकही व्यवस्था आपल्यापैकी कुणी उभी केलेली नाही.

मी वाळवा तालुक्यातली. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. चौथीच्या वर्गात शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवताना जिल्ह्याचाही इतिहास जोडीने सांगायचा, असा माझा नेम होता. पुस्तकात तो नव्हता, म्हणून मुलांना घेऊन जवळपासच्या जागी जायचे. स्मशानात मुलं नेता म्हणून पालकांनी, आणि बाईमाणूस असून जाता म्हणून मुख्याध्यापकांनी बोल लावले. पण त्या निमित्ताने एक गोष्ट लक्षात आली. आपल्या जिल्ह्याचं राजकारण समजून घ्यायचं असेल, तर कोण कुठे विसावलंय आणि तिथे झाडलोट कोण करतं, एवढं बघितलं तरी निम्मं समजतं.

यशवंतराव चव्हाणांपासूनच बघा. १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्र्यात जन्म. ते गाव आज आपल्या कडेगाव तालुक्यात. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत निधन, आणि समाधी कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. जन्म आपल्याकडे, समाधी साताऱ्याकडे. आपल्याला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, त्यांचा जन्म झाला तेव्हा सगळा मुलूख एकच सातारा होता. पण प्रीतिसंगमावर दर २५ नोव्हेंबरला काय होतं ते आपणच जाणता, आपल्यातले बरेच तिथे रांगेत असतात. २०१९ साली मुंबईत सरकार कुणाचं हा गोंधळ चालू असताना शरद पवार त्या दिवशी कराडला आले होते. २ जुलै २०२३ ला पक्ष फुटला आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच समाधीपुढे उभे होते. समाधी म्हणजे आपल्याकडे व्यासपीठ आहे. जिथे व्यासपीठ होतं, तिथे हिरवळही राहते आणि दिवेही लागतात.

क्रांतिसिंह नाना पाटील ६ डिसेंबर १९७६ ला गेले. समाधी वाळव्यात. दोनदा लोकसभेवर गेलेला माणूस, १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला थेट बीडमधून. प्रतिसरकार (लोकांच्या तोंडी पत्री सरकार), कमी खर्चाचे गांधी विवाह, गावोगावची न्यायमंडळं, हे सगळं ज्यांच्या नावावर, त्यांचा स्मृतिदिन बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनालाच येतो. त्यामुळे वर्तमानपत्रांत नानांना कोपऱ्यातली जागा मिळते. वाळव्याची माणसं मात्र विसरत नाहीत. तिथेच प्रतिसरकारातले क्रांतिकारक नागनाथअण्णा नायकवडी, २२ मार्च २०१२ ला गेलेले.

सांगलीत कृष्णेच्या काठी वसंतदादा. १ मार्च १९८९. चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतलेला आणि राजस्थानचं राज्यपालपद भूषवलेला माणूस शेवटी त्याच नदीकाठी आला, जिथे २४ जुलै १९४३ ला सांगलीचा तुरुंग फोडून तो धावला होता आणि गोळी झेलून पकडला गेला होता. वर्गात मी विचारायचे, तुरुंग कुणी फोडला? सगळी मुलं ओरडायची, वसंतदादा! आणि त्या दिवशी मारले कोण गेले? एकदम शांतता. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव, ही दोन नावं मुलांनी कधी ऐकलेली नसायची. नवीन शिक्षकांनीही नसायची.

तासगाव तालुक्यात अंजनीला आर. आर. आबा, १६ फेब्रुवारी २०१५ ला गेलेले. गावं झाडून स्वच्छ करायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्या गावात मुलं नेणं सोपं जायचं, धडा आपोआप व्हायचा. वांगीला सोनहिरा कारखान्याच्या आवारात पतंगराव कदम, मार्च २०१८. शिराळ्यात कोकरूडला शिवाजीराव देशमुख, विधान परिषदेचे सभापती होते, जानेवारी २०१९ ला गेले. आणि १७ जानेवारी ही तारीख तर आमच्या वाळवा तालुक्याने दोनदा सोसलीय. १९८४ साली राजारामबापू आणि २०२२ साली एन. डी. पाटील. एक कासेगावचे, एक ढवळीचे. दोघांचं राजकारण एकमेकांपासून किती लांब होतं, हे जुन्या माणसांना विचारावं.

ही यादी मी अभिमानाने सांगते. आता हिच्यात काय खटकतं ते सांगते.

पहिली गोष्ट, आणि हीच मला सर्वांत जास्त टोचते. ज्यांच्यामागे कारखाना आहे, शिक्षणसंस्था आहे, आमदारकी घरात आहे, त्यांच्या समाधीला बाग आहे, पहारेकरी आहे, पुण्यतिथीला मंडप आहे. त्यात गैर काही नाही, लेकरांनी बापाचं करावंच. पण ज्यांच्यामागे यातलं काहीच नाही, त्यांच्यासाठी जिल्हा म्हणून आपण काय करतो? १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हापासून किती माणसं तिथे निवडून गेली असतील! कुणी रस्ता आणला, कुणी शाळेची खोली, कुणी नुसतं भांडून विहिरीचं पाणी वाटून घेतलं. शेकापचे, कम्युनिस्ट, काँग्रेसचे, जनता पक्षाचे, अपक्ष. त्यांतले बहुतेक आता नाहीत. ते कुठे आहेत? कुठल्या घाटावर, कुठल्या मळ्याच्या बांधावर, कुठल्या कब्रस्तानात? आपल्यापैकी एकजण तरी आपल्या गटातल्या पहिल्या सदस्याचा चौथरा दाखवू शकेल का? हा टोमणा नाही. खरंच विचारते आहे.

याची नोंद कुठेच होत नाही, ही दुसरी गोष्ट. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूच्या दाखल्यावर माणूस कुठे मेला ते असतं, कुठे जाळला की पुरला ते नसतं. ग्रामपंचायत अधिनियमात स्मशान आणि दफनभूमी राखणं हे पंचायतीचं काम म्हणून लिहिलेलं आहे. जनसुविधा योजनेतून दहनभूमी-दफनभूमीच्या कामांना जिल्हा नियोजन समितीकडून पैसे येतात. म्हणजे काम आपलं, पैसा आपल्याच शिफारशीने येतो, पण त्या जमिनीत काय आहे याची यादी नाही. शेडच्या अंदाजपत्रकात खडी किती ब्रास लागेल ते असतं, तिथे आधीपासून उभ्या असलेल्या चौथऱ्यांचं नाव नसतं. नकाशात जे नाही ते ठेकेदाराला अडगळ वाटणारच. त्याला दोष देऊन काय उपयोग?

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलते. आपल्या गावांत स्मशान एक नसतं. जातीगणिक घाट वेगळे, काही गावांत अजूनही. लिंगायतांची दफनभूमी वेगळी आणि तिच्यासाठी जागा मागून लोक थकलेत. कब्रस्तान गावाच्या दुसऱ्या टोकाला, बहुतेक वेळा ओढ्याकडेला. सुशोभीकरणाचा निधी येतो तेव्हा तो कुठल्या स्मशानावर पडतो, हे मी सांगायला नको. राखीव जागेवरून निवडून आलेला पंचायत समितीचा सदस्य, मिरजेकडच्या एखाद्या मुस्लिम कार्यकर्त्याची कबर, यांच्यापर्यंत निधीही पोचत नाही आणि पुण्यतिथीचा हारही नाही. कच्ची कबर तर काही वर्षांत जमिनीलाच मिळते. पाटी नसेल तर घरच्यांनाही बोटाने जागा दाखवता येत नाही.

बायकांचं याहून वेगळं नाही. नानांच्या लेकीने, हौसाताईंनी, प्रतिसरकारात कामं केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा निदान बातम्या आल्या. बाकीच्यांचं काय? २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पुढच्या वीस-तीस वर्षांत या सरपंच बायका, सभापती बायका जातील. त्यांना सासरच्या घाटावर जाळतील, माहेरी कुणाला सांगतील न सांगतील, आणि पाटीवर लिहायचंच झालं तर अमुक यांची पत्नी एवढं लिहितील. लेकीकडची म्हणून मला दारातून परत पाठवणाऱ्या व्यवस्थेकडून मी दुसरी अपेक्षा कशी ठेवू?

चौथी गोष्ट कारखान्यांच्या आवारातल्या समाध्यांची. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. मराठवाड्यात, नगरकडेही नेत्याचं स्मारक आणि साखर कारखाना शेजारी शेजारी दिसतात. सहकारावर वाढलेल्या माणसाने सहकाराच्या अंगणात विसावावं, यात एक सुंदर गोष्ट आहे. सभासद उसाची बिलं विचारायला येतो, जाताना हात जोडून जातो. पण सहकाराचे दिवस आता कसे आहेत ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार! वसंतदादांच्या नावाचा कारखाना २०१७ मध्ये भाडेकराराने दुसऱ्या कंपनीकडे चालवायला गेला. राज्यात कितीतरी कारखाने बँकांनी जप्त करून विकले. उद्या आवारात समाधी असलेला एखादा कारखाना लिलावात गेला, तर फाटकाची किल्ली कुणाकडे असेल? नवा मालक सभासदाला हार घालायला आत सोडेल का? आज त्या कारखान्यांचे अध्यक्ष त्या त्या घरातलेच आहेत म्हणून प्रश्न उठत नाही. कागद मात्र घराण्याकडे बघून करायचा नसतो, घराणं नसेल त्या दिवसाकडे बघून करायचा असतो.

नदीकाठाबद्दल थोडक्यात. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही महापूर आपण सोसले. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. घाटावर बांधलेलं काहीही या पाण्याखाली जातं, आणि जितकं बांधकाम मोठं तितका गाळ जास्त अडतो. तरी निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारने आखलेल्या पूरक्षेत्राच्या हद्दीच्या, आत मोठमोठ्या स्मारकांचे आराखडे निघतात. थोरामोठ्यांना चौथरा पुरतो. वाळव्यातून दिल्लीला गेलेल्या नानांच्या अंगावर शेवटपर्यंत धोतर आणि सदराच होता.

आणखी एक गोष्ट, जी कदाचित मास्तरकीमुळेच मला दिसते. पुण्यतिथीच्या दिवशी गर्दी दिसावी म्हणून शाळेची पोरं उन्हात बसवतात. दोन तास भाषणं. भाषणात ज्याची पुण्यतिथी आहे तो माणूस पहिल्या दोन मिनिटांत संपतो, पुढे विरोधकांचा समाचार आणि येणारी निवडणूक. मुलं घरी जाऊन काय सांगतात? 'बिस्किटाचा पुडा मिळाला.' मी नोकरीत असताना हे बोलू शकले नाही, बदलीची भीती होती. आता बोलते.

आपण म्हणाल, बाई, जिल्ह्यात प्यायच्या पाण्याचे प्रश्न आहेत, जतच्या पूर्व भागात टँकर चालू आहेत, आणि तुम्ही मेलेल्यांचं घेऊन बसलात. मान्य. टँकर आधी द्या. पण मेलेल्यांवर आपण खर्च करत नाही असं थोडंच आहे! कमानींवर, पुतळ्यांवर, पुण्यतिथीच्या पानभर जाहिरातींवर तो होतोच आहे. मी मागते आहे त्याला त्यातला एक तुकडाही लागणार नाही. आणि जागेवरून भांडणं कशी होतात ते दिल्लीत बघा. राजघाटाजवळ प्रत्येकाला वेगळी जागा देणं परवडेना, म्हणून केंद्राने २०१३ साली राष्ट्रीय स्मृती स्थळ एकत्र करायचं ठरवलं. २०१८ ला वाजपेयींचे अंत्यसंस्कार तिथे झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मनमोहनसिंगांच्या वेळी पुन्हा जागेवरून वाद झालाच. नियम आधी ठरलेला नसला की माणूस तिरडीवर असताना राजकारण होतं. आपल्या जिल्ह्यात ते होऊ नये.

म्हणून माझ्या मागण्या. त्या कुठल्याही पक्षाच्या विरोधात नाहीत.

एक. तालुकावार नोंदवही करा. १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीवर, आणि स्वातंत्र्यापासून विधानसभा, विधान परिषद, लोकसभेवर जे जे गेले, आणि प्रतिसरकारात ज्यांनी काम केलं, त्यांचं शेवटचं ठिकाण कुठलं हे त्यात यावं. दहन की दफन, जमिनीचा गट नंबर, चौथरा आहे का, पाटी आहे का, देखभाल कोण करतं. जात-धर्म न बघता सगळी स्मशानं, सगळी कब्रस्तानं. जिथे काहीच खूण उरलेली नाही तिथे 'खूण नाही' असं लिहा, पण नाव गाळू नका. जुन्या माणसांना विचारूनच हे होणार आहे, आणि ती माणसं झपाट्याने जाताहेत. प्रतिसरकारच्या कुंडलच्या तुफान सेनेत उमेदीची वर्षं घालवलेल्यांपैकी आता विचारायला कोण उरलंय? पुढच्या पिढीतले, ज्यांनी वडिलांबरोबर जाऊन पाहिलंय, तेही सत्तरी-ऐंशीत आहेत. आणि कृपा करून हे काम शाळामास्तरांच्या गळ्यात मारू नका. जनगणना, मतदार यादी, पोषण आहार एवढं त्यांच्याकडे आहे. जिल्ह्यात इतकी महाविद्यालयं आपण काढलीत, त्यांच्या इतिहास विभागांना हे काम द्या, मुलांना प्रकल्पाचे गुण द्या.

दोन. स्मशानभूमी-दफनभूमीच्या कोणत्याही कामाचं अंदाजपत्रक करण्याआधी तिथे असलेल्या चौथऱ्यांची, कबरींची, पाट्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. हलवायचंच असेल तर आधी नवी जागा, मग जेसीबी. वारसाचा अर्ज ही अट काढून टाका. गावातला कुणीही, लेकीकडचा, नातेवाईक नसलेलासुद्धा, हरकत घेऊ शकेल असं ठेवा.

तीन. कारखान्यांच्या, संस्थांच्या, खासगी मळ्यांच्या जमिनीत ज्या समाध्या आहेत, त्यांच्या वाटेची आणि दर्शनाची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत करून घ्या. विश्वस्त मंडळींनो, हे आपल्याच हिताचं आहे. आज आपलं आहे म्हणून कागद नको असं म्हणू नका.

चार. प्रत्येक ठिकाणी एक पाटी, सगळीकडे एकाच मापाची. नाव, जन्म-मृत्यू, कुठून कधी निवडून आले, काय काम केलं. पाच-सहा ओळी पुरे. पाटी कुणाच्या प्रयत्नातून लागली ते लिहायचं नाही. ज्यांनी त्यांना विरोध केला, तुरुंगात धाडलं किंवा निवडणुकीत पाडलं, तेही लिहा. मुलांना ते कळलं पाहिजे. राजारामबापू काँग्रेस सोडून जनता पक्षात गेले, हे झाकून त्यांची ओळख पुरी होणार नाही.

पाच. निळ्या पूररेषेत नवं स्मारक नको. पुण्यतिथीला शाळेची मुलं आणायची तर सकाळच्या गारव्यात आणा, तासाभरात परत पाठवा, आणि त्या तासात बोलेल तो शिक्षक किंवा गावातला म्हातारा माणूस. आपण मागे बसा, ऐका.

शेवटची मागणी माझी स्वतःची, आणि ती फक्त एका पंचायतीकडे आहे, जी हे पत्र वाचेल तेव्हा ओळखेल. टाकीखालची ती पाटी मला द्या, किंवा घाटावर कुठल्याही कोपऱ्यात पुन्हा बसवू द्या. नवा चौथरा नको. ब्लॉक उकरायला सांगत नाही. खर्च मी देईन, सिमेंट-वाळू मी आणीन, गवंडी गावातलाच लावू. माझ्या नावाचा उल्लेख कुठेही नको. अर्ज दिलेला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे.

२६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा आहेत. नोंदवहीचा ठराव त्या दिवशी घेता येईल, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही, पैसा लागत नाही. मी आमच्या गावच्या सभेत हा ठराव लेखी मांडणार आहे आणि सूचक म्हणून माझं नाव देणार आहे. अनुमोदक मिळालेत. आपल्यापैकी जे कुणी आपल्या गावात तो मांडतील, त्यांना हवा असेल तर मसुदा पाठवते. फुलस्केपच्या एका पानात बसतो.

कळावे,
आपली,
वाळवा तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका